सोलापुरातली एमआर-टू: इंजिन बदलण्याचं एक प्रकरण

पहिल्या पिढीची टोयोटा एमआर-टू १९८४ साली जपानमध्ये विक्रीला आली. दोनच सीट, सीटच्या पाठीमागे आडवं बसवलेलं १,५८७ सीसीचं ४ए-जीई इंजिन, इंजिनामागे छोटी डिकी, आणि रेडिएटर मात्र पार पुढे, गाडीच्या नाकात. वजन टनाच्या आसपास. टोयोटाने ही गाडी भारतात कधी विकली नाही. ज्या मोजक्या दिसतात त्या बाहेरदेशाहून परतलेल्यांनी सोबत आणलेल्या. अशीच एक मुंबईहून हात बदलत सोलापुरात आली, एमएच-१३ झाली आणि टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एका मालकांच्या शेडमध्ये उभी राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी सुरू करायचं, पाणी कमी दिसलं की बोअरचं ओतायचं, आवारात एक फेरी मारायची आणि परत ताडपत्री.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात ती आली तेव्हा ऑइलच्या पट्टीवर पांढरट फेस होता, म्हणजे तेलात पाणी मिसळलेलं. हेड उघडलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधली गॅस्केट जळालेली, हेडला मधोमध बाक, तीन नंबरच्या सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागतील अशा उभ्या रेघा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणारी झडप, काढला तर त्याच्यावर चुन्याचा थर आणि झडप अर्धवट उघडून अडकलेली. गाडी का तापली याचं उत्तर सगळ्यांना तिथेच मिळालं. उत्तर बरोबर होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं नवं इंजिन बसल्यानंतर कसं सापडलं, यासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

जुनं इंजिन दुरुस्त का केलं नाही, हा पहिला प्रश्न. हेडला याआधीच फेस मारलेला, म्हणजे घासून सपाट केलेलं होतं, आणखी मारायला फारसा धातू उरला नव्हता. ब्लॉकला बोअर मारता, म्हणजे सिलिंडर कोरून मोठे करता आले असते, पण ओव्हरसाइज पिस्टन बाहेरून मागवायचे, हेडही बाहेरूनच. सोलापूर हे इंजिनाच्या कामाला परकं गाव नाही. इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समधून देशोदेशीच्या गाडीवाल्यांना कॅमशाफ्ट जातात, किर्लोस्कर फेरसची फाउंड्री इथे आहे, बोअरिंग-होनिंगचे चांगले हात इथे आहेत. पण चाळीस वर्षं जुन्या जपानी इंजिनाचा पिस्टन कुठल्याच दुकानाच्या फळीवर नसतो. मालकांना गाडी चालवायची होती, तीही लवकर. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दुसरं इंजिन टाका.

मालकांच्या मनात सहा सिलिंडर होते. परदेशात एमआर-टूमध्ये टोयोटाची व्ही-सिक्स बसवलेली त्यांनी पाहिली होती. आमचा विरोध ताकदीला नव्हता, वजन कुठे बसतं याला होता. मधल्या इंजिनाच्या गाडीत निम्म्याहून जास्त भार मागच्या चाकांवर असतो आणि पाया, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, आखूड, फक्त २,३२० मिमी. वळणात मध्येच एक्सलरेटर सोडला की शेपूट बाहेर निघू पाहतं. त्या शेपटाला आणखी वजन, तेही उंचावर, लावायचं आणि टायर-ब्रेक मात्र जुन्याच मापाचे ठेवायचे, हे आम्हाला पटेना. टर्बो लावण्याचाही विषय निघाला. सोलापूरच्या मे महिन्यात, जिथे पारा ४२-४४ अंशांवर असतो, बंद डब्यात बसलेल्या इंजिनाला टर्बोची आणखी धग द्यायची तर आधी त्या डब्यातली हवा बाहेर काढायची सोय हवी. तो विषय तिथेच संपला.

होंडाचं २.४ लिटरचं के-सिरीज इंजिन हा खरोखरचा चांगला पर्याय होता. आपल्याकडच्या अकॉर्ड आणि सीआर-व्हीमध्ये ते आलं, आणि मधल्या इंजिनाच्या गाड्यांत ते बसवणारे परदेशात पुष्कळ आहेत. के-सिरीजच्या आधीची होंडाची बरीच इंजिनं उलटी फिरायची. ती दुसऱ्याच्या गिअरबॉक्सला जोडली तर पुढचे पाच गिअर रिव्हर्स होऊन बसतात. के-सिरीजमध्ये ती भानगड नाही. तरी नाही म्हटलं, कारण भंगारात पूर्ण संच मिळेना, आणि सुट्या भागासाठी दर वेळी पुण्याच्या गाडीची वाट बघावी लागली असती.

शेवटी निवडलं ते कोरोलाचं १झेडझेड-एफई: १,७९४ सीसी, भारतात २००३ साली आलेल्या कोरोलामध्ये १२५ बीएचपीच्या आसपास. ऐकायला सपक वाटतं. मालकांनाही वाटलं. "स्पोर्ट्स कारमध्ये कोरोला?" हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं की मुळात ही गाडीच तशी जन्मली आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या साध्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल हा सगळा आडवा संच उचलून सीटच्या मागे ठेवायचा, ही युक्ती फियाटने १९७२ साली एक्स-वन-नाइनमध्ये १२८चा संच वापरून केली होती. टोयोटाने एमआर-टूमध्ये कोरोलाच्या घराण्यातला संच वापरला. पुढे १९९९ ते २००७ या काळातल्या तिसऱ्या पिढीच्या एमआर-टूमध्ये खुद्द टोयोटाने १झेडझेडच बसवलं, आणि लोटसने २००६च्या एलिस एसमध्येही तेच घेतलं. म्हणजे हे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसून जगू शकतं, हे दुसऱ्यांच्या खर्चाने सिद्ध झालेलं होतं. आणि वॉटर पंप बिघडला तर संध्याकाळपर्यंत तो गावात मिळतो. माझ्या लेखी हा मुद्दा वीस-पंचवीस हॉर्सपॉवरपेक्षा मोठा आहे.

मागून ठोकर बसलेली एक कोरोला मिळाली. मागून बसलेली, हे महत्त्वाचं. पुढून बसलेल्या गाडीचं इंजिन बाहेरून धड दिसलं तरी माउंटिंगच्या कानांना तडे असू शकतात, रेडिएटर फुटल्यावर कुणी ती तशीच दामटलेलीही असू शकते. १झेडझेडचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. ते एकदा चांगलं तापलं की हेड बोल्टचे आटे ब्लॉकमधून सुटून येतात. म्हणून हेड बोल्ट काढताना आमचे मिस्त्री प्रत्येक बोल्टचे आटे चिंधीने पुसून उजेडात धरून बघत होते: आट्यात चंदेरी चुरा दिसला तर इंजिन परत. नाही दिसला. या इंजिनाचं दुसरं जुनं दुखणं तेल पिण्याचं. सुरुवातीच्या १झेडझेडमध्ये ऑइल रिंगच्या मागची भोकं बारीक होती, ती कार्बनने बुजतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खाली परतत नाही. उघडलंच आहे तर नंतरच्या धाटणीचे पिस्टन आणि रिंग टाकून घेतले.

कागदाचा विषय मात्र स्पॅनर हातात घेण्याआधी काढला होता, आणि सगळ्यांनीच तो तेव्हा काढावा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर नोंदलेला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठळक केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकून नोंद करून घेणं निराळं, १.६ लिटरच्या जागी निराळ्या जातीचं १.८ टाकणं निराळं. गंमत अशी की हीच गाडी मंजूर किट लावून विजेवर करायची असती तर कायद्यात तशी वाट आहे. विम्याचं तर बोलायलाच नको. आरसीवर एक इंजिन नंबर आणि गाडीत दुसरा असेल तर अपघातानंतर कंपनी हात वर करणार.

मालकांना हे आवडलं नाही. तुळजापूरला जाऊन यायचं त्यांच्या डोक्यात होतं. बराच खल होऊन ठरलं ते असं: कोरोलाचं इंजिन असेपर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावर चाक ठेवणार नाही. चिंचोळीला मालकांच्या स्वतःच्या जागेत आतला डांबरी रस्ता आहे, तिथे चालेल. ट्रॅकवर न्यायची तर ट्रेलरवर. आरसीवरचं मूळ इंजिन फावल्या वेळात, बाहेरून माल आणून, नीट बांधून ठेवायचं आणि गाडी रस्त्यावर यायची ती त्याच इंजिनावर. या एका निर्णयाने पुढचं सगळं काम बदललं. बॉडीला ग्राइंडर लावायचा नाही, मूळ भोकं तीच वापरायची, वायरिंग कापायची नाही. जे काही बनेल ते बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल.

आता बसवणी. इंजिन चेनपुलीवर लटकवून डब्यात सोडलं की ते कुठेही बसल्यासारखं दिसतं. माप धरायचं ते एकच: गिअरबॉक्समधून एक्सल जिथे बाहेर पडतो त्याचं केंद्र आणि चाकाचं केंद्र. मिस्त्रींनी दोन्हीकडून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने रेघ मारली आणि ती रेघ जुळेपर्यंत इंजिन पुढे-मागे केलं. दुसरं माप कलाचं. कोरोलात इंजिन जितकं कललेलं होतं तितकंच इथेही ठेवलं, नाहीतर ऑइल पंपाचा पाइप तेलाच्या चेंबरमध्ये भलत्याच कोपऱ्यात जातो आणि चढणीवर किंवा जोरात पळवताना हवा ओढतो. त्यानंतरच माउंटिंगचे ब्रॅकेट कापले. आधी पुठ्ठ्याचे, मग पत्र्याचे, शेवटी ६ मिमी प्लेटचे.

एक्सलला वेळ लागला. आतला जॉइंट कोरोलाचा, बाहेरचा एमआर-टूच्या हबचा, मधली दांडी नवी बनवायची. लांबी काढताना गाडी सपाट उभी असतानाचं माप घेऊन भागत नाही. मागची स्प्रिंग काढून टाकली आणि चाक जॅकने पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत हलवून बघितलं. जॉइंटच्या कपात ग्रीसचा पातळ हात फिरवलेला होता. प्रत्येक टोकाला दांडी आत किती शिरली याचा ठसा त्या ग्रीसमध्ये उमटतो. चाक वर गेल्यावर दांडी तळाला टेकली तर पहिल्याच खड्ड्यात गिअरबॉक्सचं बेअरिंग जाणार. चाक लोंबल्यावर जास्त बाहेर आली तर जॉइंट निसटणार. दोन्हीकडे सहा-सात मिमी मोकळीक राहील अशी लांबी धरली, दांड्या ईएन-२४ पोलादात घेतल्या, स्प्लाइन (टोकांचे दाते) आणि इंडक्शन हार्डनिंग बाहेरून करून आणलं.

गिअरची गंमत वेगळीच. कोरोलात गिअरबॉक्स गिअरच्या दांडीच्या पुढे असतो, इथे मागे. केबल विरुद्ध बाजूने येते, म्हणून गिअरबॉक्सवरचा हात उलटा हलतो. पहिला टाकायला जावं तर दुसरा पडतो, तिसऱ्याला चौथा, आणि पाचव्याच्या जागी रिव्हर्स. मिस्त्रींचा पोरगा म्हणाला, "चालवायला सवय होतीय की!" त्याला बाजूला केलं. टर्नरकडून नवा हात करून घेतला, खिट्टी शाफ्टच्या पलीकडच्या अंगाला असलेला. शाफ्टच्या ज्या बाजूला केबल धरते ती बाजू बदलली की दिशा आपोआप सुलटते. हाताची लांबी मात्र मूळइतकीच ठेवावी लागते. जास्त केली तर दांडीचा प्रवास लांबतो आणि दुसऱ्या गिअरला कोपर सीटला लागतं. कमी केली तर गिअर टाकायला खांदा लावावा लागतो.

वायरिंगबद्दल थोडक्यात. कोरोलाचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा), इग्निशन स्विच आणि किल्ली असा सगळा संच एकत्रच घेतला होता, कारण किल्लीतल्या चिपची ओळख पटल्याशिवाय ईसीएम पेट्रोल सोडत नाही. नुसतं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून आणणारे लोक इथे अडकतात. थ्रॉटल केबलचा होता, त्यामुळे पॅडलचं काम सोपं झालं. पेट्रोलचा मात्र फरक लक्षात ठेवण्याजोगा: एमआर-टूच्या टाकीतून पेट्रोल येतं आणि उरलेलं परत टाकीत जातं, १झेडझेडच्या रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, परतीची वाट नाही, कोरोलात प्रेशर टाकीतच सांभाळलं जातं. म्हणून इंजिनाआधी वेगळा रेग्युलेटर बसवून ३ बारच्या आसपास प्रेशर धरलं आणि जादा पेट्रोल जुन्या परतीच्या नळीला जोडलं.

वजन करायला मार्केट यार्डातल्या एका कांद्याच्या अडत्याकडून चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले. प्रत्येक चाकाखाली एक. काटे एका पातळीत नसतील तर आकडे खोटे येतात, म्हणून खाली पत्र्याचे शिम सरकवत पाण्याच्या नळीने लेव्हल धरली. जुन्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, नव्याचा ॲल्युमिनियमचा. मागचा भार वीस-पंचवीस किलोंनी उतरला. व्ही-सिक्सचा विषय मालकांनी त्या दिवसानंतर निदान मोठ्याने काढला नाही.

इथपर्यंतचं सगळं कष्टाचं पण सरळ काम. खरं प्रकरण पुढे आहे.

गाडी सुरू झाली, जागच्या जागी तासभर चालली. तापमानाचा काटा मधोमध, पंखा लागायचा आणि सुटायचा. चिंचोळीला नेली. आतल्या रस्त्यावर हळू चालवली तर ठीक. जोरात, म्हणजे चार हजार आरपीएमच्या वर काही वेळ ठेवली की काटा चढायला लागायचा. पाय काढून गाडी आयडलवर सोडली की दोन मिनिटांत उतरायचा.

ज्याने त्याने एकच निदान केलं: एअर आहे, म्हणजे पाण्याच्या वाटेत हवा अडकलीय. मधल्या इंजिनाच्या गाडीत हे पहिलं संशयित असतंच, कारण रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये गाडीच्या तळाखालून जाणारे लांब पाइप, आणि हवा साठायला रेडिएटरचा माथा, हीटर अशा जागा पुष्कळ. गाडीचं नाक उचलून, हीटरचा नळ उघडून, एअर काढायच्या तोंडांना पारदर्शक नळ्या लावून पाणी भरलं. नळीत बुडबुडा नाही. पुन्हा चालवली, पुन्हा तेच.

इथे लक्षणाकडे नीट बघायला हवं होतं तसं ते मिस्त्रींनी बघितलं. गाडी उभी असताना तापते आणि पळताना निवते, तेव्हा दोष हवेचा असतो: पंखा, रेडिएटरच्या जाळ्या, पुढचा पत्रा. आयडलवर निवते आणि आरपीएमवर तापते, तेव्हा दोष बहुधा पाण्याच्या फिरण्याचा. त्यांनी इंजिनाचं झाकण उघडं ठेवून कुणाला तरी एक्सलरेटरवर बसवलं आणि पंपाकडे येणाऱ्या खालच्या होज पाइपवर हात ठेवला. साडेचार हजारला तो जाड रबरी पाइप त्यांच्या हाताखाली चपटा झाला. एक्सलरेटर सोडला, पाइप परत फुगला.

"पाणी जायलंय मालक," ते म्हणाले, "यायला नाही."

होज जुना आहे, मऊ पडलाय, आत स्प्रिंग टाका, असा सल्ला लगेच आला. तो मानला असता तर पाइप चपटा झाला नसता आणि गाडी तापायची ती तापलीच असती, फक्त दिसायचं बंद झालं असतं. आम्ही होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून प्रेशर गेज लावला. दुसरा गेज पुढे, रेडिएटरच्या खालच्या तोंडाशी. गरम गाडी, आयडल: दोन्ही गेज जवळजवळ सारखे, ०.६ बारच्या आसपास. आरपीएम वाढवत नेलं. पुढचा गेज फारसा हलला नाही. मागचा उतरत उतरत शून्यावर आला आणि साडेचार हजारला शून्याखाली गेला. पंप ओढतोय, रेडिएटरकडे पाणी आहे, दाबही आहे, आणि मधल्या वाटेत ते अडतंय. मधल्या वाटेत होता फक्त तळाखालचा परतीचा लोखंडी पाइप.

तो पाइप बसवणीच्या वेळी तपासलेला होता. पुढच्या टोकाला नळाची रबरी नळी लावली होती, मागच्या टोकाखाली बादली ठेवली होती, आणि पाणी भरभरून आलं होतं. चाचणी खोटी नव्हती. नळाचं पाणी मिनिटाला पंधरा-वीस लिटर; पंप पूर्ण फिरतो तेव्हा मागणी शंभर लिटरच्या घरात. पाइपात खर्च होणारा दाब प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. प्रवाह पाचपट झाला की अडथळा पंचवीसपट भासतो. बादलीला जो पाइप मोकळा वाटला तोच पंपाला बंद होता.

पाइप उतरवून आडवा कापला. आतून गंजाचे पापुद्रे आणि त्यावर पांढरा, टणक चुना. मधली वाट करंगळी जाईल एवढी. शिवाय गाडीच्या मध्याजवळ कधीतरी कुणीतरी जॅक पाइपालाच लावलेला, तिथे तो दबून लांबट झालेला. बोअरच्या पाण्याचा क्षार आणि एक चुकलेला जॅक. थर्मोस्टॅटवरचा चुना याच चुन्याचा भाऊ.

म्हणजे ४ए-जीई का मेलं याचं उरलेलं उत्तर इंजिनात नव्हतंच. थर्मोस्टॅट अडकला हे खरं, पण तो बदलून आणि परदेशातून पिस्टन-हेड मागवून तेच इंजिन बांधलं असतं, तर तेही याच पाइपाने तापवून मारलं असतं. पुढच्या इंजिनाच्या गाडीत इंजिन आणि रेडिएटर हातभर अंतरावर असतात, इंजिन बदलताना होज बहुतेक बदललेच जातात आणि असा दोष आपोआप निघून जातो. इथे इंजिनाची निम्मी पाणव्यवस्था इंजिनाच्या डब्याबाहेर, सीटखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी राहते. इंजिन बाहेर काढलं तरी ती गाडीतच असते.

दोन्ही पाइप नवे करायचे ठरले. सोलापुरात यासाठी लांब जायची गरज नाही. टॉवेल आणि चादरींच्या डाइंगला स्टेनलेस पाइपिंग लागतंच, आणि ते करणारे आर्गॉन वेल्डर गावात आहेत. मालकांच्याच डाइंग हाउसचं काम करणाऱ्याकडून ३०४ ग्रेडमध्ये, मूळ बाहेरच्या मापाचे, दीड मिमी जाडीचे पाइप करून घेतले. वेल्डरला दोनच गोष्टी बजावल्या. बाक मोठ्या त्रिज्येचे हवेत, कोपरे जोडून केलेले चालणार नाहीत. आणि टोकांना बाहेरून उंचवटा हवा, म्हणजे दाबाखाली होज घसरून निघणार नाही. त्याला हे सांगायची गरज नव्हती. वाफेच्या लाइनवर आयुष्य गेलेला माणूस तो. पाइप रबरी गाद्यांवर बसवले आणि सीटखालच्या भागाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. रेडिएटरचा कोर बदलला, हीटरमधून उलट्या दिशेने पाणी मारून गाळ काढला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला बोअरचं पाणी जुन्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा लवकर खातं, म्हणून शेडमधला तो पाण्याचा कॅन मालकांसमोरच उचलून बाहेर ठेवला.

तेच दोन गेज लावून पुन्हा चाचणी. साडेचार हजारला मागचा गेज थोडा उतरला आणि शून्याच्या बराच वर थांबला. होज टणक. मे महिन्याच्या दुपारी, बाहेर ४३ अंश असताना, आतल्या रस्त्यावर सलग फेऱ्या मारल्या. काटा मध्यावरून हलला नाही.

गाडी बंद केल्यावर डब्यात कोंडणारी धग हा उरलेला त्रास. जोरात चालवून थांबवली आणि दहा मिनिटांनी सुरू केली की इंजिन जरा अडखळायचं, रेलमधलं पेट्रोल तापलेलं असायचं. इंजिनाच्या डब्याला वेगळा पंखा टायमरवर लावला, गाडी बंद झाल्यावरही तो काही मिनिटं गरम हवा बाहेर फेकतो. सायलेन्सर आणि डिकीच्या मध्ये दुहेरी पत्रा टाकला. अडखळणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. डिकीत शेंगाचटणीचा डबा ठेवायला हरकत नाही, चॉकलेट ठेवू नये.

चालवायला गाडी कशी झाली? ४ए-जीई वरच्या आरपीएमला जो कंठ फोडायचं तो गेला. १झेडझेड तिथे निरुत्साही आहे. पण खालून ओढ चांगली, आणि वळणात मागचा भाग हलका वाटतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून जेवढ्याला पडले त्याहून जास्त पैसे एक्सल, पाइप, ब्रॅकेट आणि वायरिंगवर गेले. पुढच्या गिऱ्हाइकाला आम्ही अंदाजपत्रक देताना इंजिनाची किंमत सगळ्यात शेवटी सांगतो.

सध्या गाडी चिंचोळीलाच असते. ट्रेलरवर घालून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला न्यायची तयारी चालू आहे. त्याआधी ब्रेकचे होज आणि टायर बदलायचे आहेत. मूळ ४ए-जीईचा ब्लॉक मोजून बोअरिंगला दिलाय, पिस्टनची ऑर्डर गेली आहे, हेडचा शोध चालू आहे. ते तयार होईल तेव्हा कोरोलाचे ब्रॅकेट, हार्नेस, एक्सल आणि गिअरचा तो उलटा हात उतरतील. स्टेनलेसचे पाइप आणि टायमरवरचा पंखा तिथेच राहतील.